अकराचा वाचक

आमच्या लेकीला जुळं झालं त्या वर्षीची ही गोष्ट. ही लेकीकडे तीन महिने राहून आली आणि येताना एक नाद घेऊन आली. लेकीनं तिला इंटरनेटवर एक पान काढून दिलं होतं. जुळी झोपली की मायलेकी बोलत बसायच्या. लेक म्हणाली, आई, हे सगळं मला एकटीला कशाला सांगतेस, लिही की. पानाला नाव दिलं ‘हातासरशी’.

ही म्हणजे माझी बायको. एकतीस वर्षं ती मोठ्या दवाखान्यात चौकशीच्या खिडकीत बसली. दिवसाला दोनशे माणसं तिला काही ना काही विचारायची. निवृत्त झाली आणि तिला कुणी काही विचारेना. मी नळाची कामं करणारा मिस्त्री. घरी आल्यावर जेवायला काय आहे, यापलीकडे विचारायचं मला कधी सुचलं नाही.

मला लिहिता-वाचता येत नव्हतं. सातव्या वर्षी बापानं हातात पाना दिला, पाटी राहून गेली. आकडे तेवढे यायचे, पाण्याच्या मीटरवरून शिकलो होतो. माझ्या फोनमध्ये माणसांची नावं नव्हती, नुसते फोटो होते. हिला हे माहीत होतं आणि चाळीस वर्षांत तिनं कधी चारचौघांत ते कळू दिलं नाही. कागद आला की आधी आपण वाचायची आणि मग माझ्याशी बोलल्यासारखं करून त्यातलं सगळं सांगायची.

पण स्वतःचं लिहिलेलं तिनं मला कधी वाचून दाखवलं नाही. सकाळी ओट्यावरचं आवरलं की टेबलाशी बसायची, चष्मा नाकावर, फोन पुस्तकाला टेकवलेला, आणि एका बोटानं टिपत राहायची. मी समोर चहा पीत असे. मधेच तिला हसू यायचं. काय गं, म्हटलं तर म्हणायची, असंच. त्या ‘असंच’नं माझं डोकं उठायचं. पंधरा इंचांवर बसलेल्या माणसाला ‘असंच’, आणि ज्यांना कधी पाहिलं नाही त्यांना पानंच्या पानं.

एकदा एका इमारतीत मोटार बसवताना वायरमन म्हणाला, मिस्त्री, वहिनींनी तुमच्यावर काय झकास लिहिलंय. मीही हसलो, जसं काही मला ठाऊकच होतं. काय लिहिलंय ते विचारायची सोय नव्हती. त्या दिवशी पाइपाचे दोन आटे वाकडे बसले.

मग मी व्याह्यांकडे गेलो. जावयाचे वडील आमच्यापासून दोन गल्ल्या पलीकडे एकटेच राहतात. छापखान्यात मुद्रितं तपासायचे, म्हणजे आयुष्यभर दुसऱ्याच्या चुका काढून पोट भरलेला माणूस. मी त्यांना म्हटलं, मला वाचायला शिकवा, पण घरी कळता कामा नये. त्यांनी कारण विचारलं नाही. एवढंच म्हणाले, मिस्त्री, आमच्याकडे अकराला यायचं, सव्वाअकराला नाही.

घरी सांगितलं, एका मोठ्या घराच्या टाकीचं रोजचं काम लागलंय. काम भलतंच लांबलं, पण हिनं काही विचारलं नाही. तेव्हा मला तेही टोचलं.

सहा महिन्यांत अक्षरं लागायला लागली. काय वाचायचंय, असं व्याह्यांनी विचारलं तेव्हा मी हिच्या पानाचं नाव सांगितलं. त्यांनी चष्म्यावरून एकदा माझ्याकडे पाहिलं आणि आपल्या संगणकावर ते पान उघडून दिलं. अक्षर मोठं करून दिलं. स्वतः आत जाऊन वर्तमानपत्र घेऊन बसले.

एक लेख घरच्या ग्रुपवर होता. रोज सकाळी पंचवीस जण फुलांची चित्रं पाठवतात, पण गुडघा कसा आहे हे एकही जण विचारत नाही, असं तिनं लिहिलं होतं. एक पासवर्डवर होता. ती पासवर्ड विसरली तेव्हा यंत्रानं विचारलं, पहिल्या मैत्रिणीचं नाव काय. नाव आठवलं आणि मग ती मैत्रीण दिवसभर डोळ्यांपुढून हलेना. वायरमन म्हणत होता ते वाक्यही सापडलं. ‘आमच्याकडे नळ गळत नाही आणि बोलणंही गळत नाही.’ त्या एका वाक्याशी मी अकरा मिनिटं बसलो. वायरमनला ते कौतुक वाटलं असेल. मला काय वाटलं ते मी पाना उचलूनच कुणाला सांगितलं असतं.

त्याच सुमारास हिच्यात फरक पडला. एके संध्याकाळी ती आपणहून बोलायला लागली. लेकीनं तिला पानाची आतली बाजू दाखवली होती. कुठल्या गावातून, किती वाजता, किती वेळ कुणी वाचलं, ते सगळं तिथं दिसायचं. बहुतेक लोक यायचे आणि अर्ध्या मिनिटात जायचे. पण एक वाचक होता. याच शहरातला. रोज अकरानंतर यायचा आणि एकेका लेखावर चाळीस-चाळीस मिनिटं थांबायचा.

“एवढ्या सावकाश कोण वाचतं हो आजकाल?” ती म्हणाली. “एकेक शब्द चाखत वाचत असणार ते.”

तिनं त्याला ‘ते’ म्हटलं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी मनात त्या माणसाला उभा केला. कडक इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, घरात पुस्तकांची कपाटं. हात गुळगुळीत, कधी ग्रीस न लागलेले. अकरा वाजता, म्हणजे मी बाहेर असताना, हा गृहस्थ माझ्या बायकोचं बोलणं चाळीस मिनिटं ऐकतो. आणि ती दुपारी जेवताना गुणगुणते. नवा चष्मा करून घेते. ‘त्यांना’ लांब वाक्यं आवडत असावीत म्हणून वाक्यं लांब करते. ती लांब वाक्यं वाचताना माझा जीव जायचा.

मग एका गुरुवारी ती गप्प गप्प दिसली. म्हणाली, काल-परवा ते आलेच नाहीत. बरं नसेल का? मला आतून इतका आनंद झाला की मी दुसऱ्यांदा भात घेतला. घास तोंडात असतानाच लक्षात आलं. मंगळवार-बुधवार मीही गेलो नव्हतो. व्याह्यांची दाढ काढली होती.

ते गृहस्थ मीच होतो.

शहाण्या माणसानं त्याच ताटावर सांगून टाकलं असतं. मी सांगितलं नाही. आधी गंमत वाटली. दुसऱ्या दिवशी मुद्दाम एक तास बसलो, तर घरी न मागता चहा मिळाला. पण चहा पिता पिता कळायचं, की हा चहा माझा नाही. हे हसू माझं नाही. ती समोर बघत होती, पण माझ्याकडे नाही, माझ्या मागे उभ्या असलेल्या त्या इस्त्रीवाल्याकडे. आणि तो कोण हे कळल्यावर तर मला त्याचा जास्तच राग यायला लागला. दुसरा कुणी असता तर जाऊन कॉलर तरी धरली असती.

महिन्याभरानं तिनं एक लेख लिहिला. सुरुवातच अशी होती, की हा मजकूर अकराला येणाऱ्या वाचकासाठी आहे, बाकीच्यांनी वाचला तरी हरकत नाही. लेक दोन वर्षांची असताना एका दुपारी पिशवी भरून, लेकीला कडेवर घेऊन ती घरातून निघाली होती. कायमची. बसथांब्यावर सव्वा तास बसली. तीन बसेस गेल्या. मग परत आली. मी कामावरून आलो तेव्हा जेवण तयार होतं. शेवटी लिहिलं होतं, ‘परत का आले, ते पुढच्या वेळी सांगेन. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. तुम्ही घाई न करता ऐकता, म्हणून सांगते.’

मी ते दोनदा वाचलं. व्याह्यांनी आतून विचारलं, मिस्त्री, चहा टाकू का? मी चपला घालून निघालो.

इतकी वर्षं जे मला सांगितलं नाही ते त्याला सांगितलं. वाटेत माझ्या मनात दुसरं काही आलंच नाही. ती एवढी दुखावली होती, का दुखावली होती, याचा विचार मागाहून, फार मागाहून आला. तेव्हा फक्त एवढंच, की त्याला सांगितलं.

घरी आलो. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. मी म्हटलं, “तुझा तो अकराचा माणूस मी आहे.”

“काहीतरीच. तुम्हाला कुठं वाचता येतं?”

मी तिचा फोन घेतला, पान उघडलं आणि उभ्यानं वाचायला लागलो. बसथांब्याचाच लेख. एकेक अक्षर जुळवत, जोडाक्षराला अडखळत, मागे जाऊन परत तेच वाक्य धरत. दुसऱ्या ओळीवर मला घाम फुटला. तिनं घडी तशीच हातात धरली होती.

“म्हणजे ती चाळीस मिनिटं अक्षरं लावण्यात जात होती,” ती म्हणाली.

“हो.”

“मला वाटलं, कुणाला तरी आवडतंय.”

“आवडतच होतं की.”

“काय आवडलं? कुठलं?”

मला सांगता येईना. खरं म्हणजे मी प्रत्येक लेखात एकच गोष्ट शोधत आलो होतो, की यात मी कुठं आहे आणि कसा आहे. बाकीचं नुसतं ओलांडत होतो, जसं गळती शोधताना आपण घरातलं सामान बघत नाही. तिनं हातातली घडी पुरी केली.

दुसऱ्या दिवशी ती व्याह्यांकडे गेली. मीही मागोमाग गेलो, न जाऊन सांगतो कुणाला. तिला वाटलं होतं, आम्ही दोघांनी मिळून तिची थट्टा केली. व्याही म्हणाले, थट्टा कसली. मिस्त्री गेले की मीही वाचत असे. वर्तमानपत्रात काय असतं हल्ली?

तिनं त्यांनाही तेच विचारलं. “काय आवडलं, भाऊ?”

त्यांनी क्षणभरही वेळ घेतला नाही. दवाखान्याच्या खिडकीवरचा लेख, म्हणाले. ज्यात मजला माहीत असूनही पुन्हा विचारायला येणारा म्हातारा आहे, तो. आणि पासवर्डच्या लेखातला शेवट एक वाक्य आधी करा, वहिनी, पुढचं वाक्य समजावून सांगतंय.

मी तिच्याकडे बघत होतो. चहा न मागता मिळायचा तेव्हाचा तो चेहरा. या वेळी ती माझ्या मागे कुणाला शोधत नव्हती. माणूस समोरच बसला होता, आणि त्याच्या खिशाला पेन होतं.

त्यानंतर तिनं पानाला कुलूप लावलं. आता ते कुणालाही उघडत नव्हतं, शब्द टाकावा लागायचा. शब्द तिला आणि व्याह्यांनाच माहीत होता. मी मागितला तेव्हा म्हणाली, तुम्हाला कशाला, तुम्ही तर रोज समोर बसता. मी म्हटलं, बरं, मग बसथांब्यावरून परत का आलीस ते तरी सांग.

“लिहिलंय मी ते.”

“तोंडानं सांग की.”

“तोंडानं सांगता आलं असतं तर लिहिलं असतं का?”

“मग वाचू दे.”

“तुम्ही त्यात पुन्हा स्वतःलाच शोधाल,” ती म्हणाली. रागानं नाही. दवाखान्याच्या खिडकीतून कुणाला, तो विभाग इथं नाही, म्हणून सांगावं तशी.

अशी चार वर्षं गेली. रविवारी व्याही जेवायला यायचे आणि दोघं अल्पविरामावर वाद घालायची. मी पाणी वाढायचो. तिचं माझ्याशी वागणं कुठं कमी झालं नाही. औषधं वेळेवर, हाक मारली की ओ. मीही शिकत राहिलो. आता वर्तमानपत्र सरळ वाचतो, सरकारी कागदही. तिच्यापुढे मुद्दाम मोठ्यानं वाचायचो. ती म्हणायची, छान.

तिच्या शेवटच्या आठवड्यात, ती ज्या दवाखान्यात एकतीस वर्षं बसली तिथंच, दुसऱ्या मजल्यावर, मी तिला एकदा विचारलं, थांब्यावरून परत का आलीस. तिनं माझा हात धरला होता. डोळे मिटूनच म्हणाली, भाऊंना विचारू नका हं.

मी विचारलं. तिला स्मशानात पोचवून आल्यावर तिसऱ्या दिवशी विचारलं. व्याह्यांनी चष्मा काढून ठेवला. मग म्हणाले, मिस्त्री, त्यांनी सांगितलं असतं तर कुलपाचा शब्द तुम्हाला दिला असता. त्यांनी सांगितलं नाही. पुढे म्हणाले, वाईट काही नाही त्यात, एवढं सांगतो. माझ्या बायकोच्या मनात माझ्याबद्दल वाईट काही नव्हतं, हे मला दुसऱ्यानं सांगायचं.

मी अजून अकराला त्यांच्याकडे जातो. आम्ही चहा घेतो. संगणक तिथंच असतो, पडद्यावर कापड टाकलेलं. हे मी लिहिलंय ते त्यांना तपासायला देणार नाही. चुका असतील तर असू देत.

माझी बायको ऑक्टोबरच्या एकोणीस तारखेला, दुपारी पावणेतीन वाजता वारली. व्याही आहेत, आणि तो शब्द त्यांच्यापाशी आहे.