गेणूदादांच्या फोर्डची वाटणी

गेणूदादा वारले तेव्हा त्यांच्या मागं बत्तीस एकर बागायत, दोन विहिरी, एक काळी फोर्ड मोटार, दोन मुलगे आणि बायको साळुबाई एवढं राहिलं. त्रेपन्न सालच्या उन्हाळ्यात घोडेगावच्या पंचांनी जमिनीची वाटणी दोन दिवसांत उरकली. घोडं अडलं ते शेवटच्या दोन गोष्टींवर. मोटार दोघांनाही हवी होती आणि आई कुणालाच नको होती.

आईचं लगेच मिटलं. पहिले सहा महिने थोरल्या सावळारामाकडं, पुढचे सहा धाकट्या कुंडलिकाकडं. एक पंच म्हणाला, "म्हातारीलाबी इचारा की," पण तेवढ्यात चहा आला. साळुबाई दाराआड बसून ऐकत होती. बांधावरच्या वाळक्या बाभळीसाठी दोघं भाऊ एकमेकांच्या अंगावर धावून गेले होते. आपल्यासाठी कुणी आवाजसुद्धा चढवला नाही, हे तिच्या ध्यानात राहिलं.

मोटारीवरून मात्र तीन दिवस रण पेटलं. शेवटी ठरलं, तीही वाटायची. इंजिन थोरल्याला, चाकं आणि सांगाडा धाकट्याला. गेणूदादांची गाडी नेहमी दुरुस्त करणाऱ्या तय्यब फिटरला जुन्नरहून बोलावलं. तरुणपणी त्यानं मुंबईला मोटारी जोडायच्या कारखान्यात दहा वर्षं काढली होती. अंगणात गोणपाट अंथरून तो नटबोल्ट सोडवायला बसला.

"जपून रं," सावळाराम म्हणाला. "खानदानी गाडी हाय. अशी दुसरी व्हनं न्हाई."

"भाऊ, अशा दीड कोटी झाल्यात," तय्यब पाना फिरवत म्हणाला. "एक माणूस दिवसभर नुसता नट घालायचा, दुसरा नुसता आवळायचा. गाडी सरकत पुढं जायची, माणूस जागचा हलायचा नाय. दीड तासात मोटार उभी. काळा रंग लवकर वाळतो म्हणून वर्षानुवर्षं सगळ्या काळ्याच काढल्या. हिचं इंजिन तिला बसतं, तिचं चाक हिला. त्यात खानदान कुठनं आलं?"

सावळारामाला हे झोंबलं, पण कामाला आलं. जुन्नरला एका वखारीमागं तशीच एक फोर्ड सडत पडली होती. तय्यबनं तिच्या सांगाड्यावर सावळारामाचं इंजिन बसवलं आणि तिचं इंजिन कुंडलिकाच्या सांगाड्यात घातलं. महिन्याभरात दोन दारांत दोन फोर्ड उभ्या राहिल्या, आणि आबांची, म्हणजे गेणूदादांची, खरी गाडी कुठली, यावर भांडण नव्यानं सुरू झालं.

"चालू कशी करायची तेवढं बघून घ्या," जाताना तय्यब म्हणाला.

"आमच्या बापाची गाडी तू आमाला शिकवतो व्हय?" कुंडलिक म्हणाला. वाटणी निघाल्यापासून तेवढ्या एका गोष्टीवर दोघा भावांचं एकमत झालं.

त्यांनी पाहिलं होतं ते एवढंच, की आबा ऐटीत गाडीच्या पुढं जायचे, तिच्या तोंडाशी असलेलं हँडल मारायचे आणि गाडी चालू व्हायची. आत डोक्यावरून पदर घेऊन आई बसलेली असायची, तिच्याकडं कोण बघतो! स्टिअरिंगखालची डावी दांडी वर सारली की ठिणगी उशिरा पडते आणि हँडल गुमान फिरतं. दांडी खाली राहिली तर ठिणगी आधीच पडते, इंजिन उलटं उसळतं आणि हँडल मनगटावर येतं. इंजिन चालू झालं की दांडी हळूहळू खाली आणायची. किती, ते कानानं ठरवायचं. पंचवीस वर्षं ती दांडी साळुबाईच्या हातात होती आणि वाहवा गेणूदादांच्या मिशीला.

अंगारकीला ओझरला आधी कोण पोचतो, अशी दोघांची ईर्षा लागली. सावळाराम कोट-फेटा घालून गाडीपुढं उभा राहिला आणि त्यानं जोर लावून हँडल फिरवलं. काडकन आवाज झाला आणि तो मनगट धरून खाली बसला.

"थोरल्याला बापाची गाडी वळखीना!" कुंपणापलीकडून कुंडलिक हसला आणि त्यानं आपल्या गाडीचं हँडल मारलं. नशिबानं दांडी वर होती, इंजिन लगेच चालू झालं. पण हातब्रेक ओढायचा राहिला होता, आणि या गाडीत ब्रेक ओढलेला नसला की ती गिअरमध्येच असते. गाडी सरळ त्याच्या अंगावर निघाली. तो दिवे धरून "हो, हो!" करत बैलाला थोपवावं तसा मागं मागं सरकत गेला आणि उकिरड्यात उताणा पडला. गाडी घरघरली आणि तिथंच बंद पडली.

साळुबाई ओसरीवर तांदूळ निवडत होती. तिला हसू आलं, मग हसल्याची लाज वाटली, मग पुन्हा हसू आलं. हातातला खडा टाकून ती सावळारामाचा हात बांधायला उठली.

दुसऱ्या दिवशी तय्यब आला. त्यानं विचारलं, "दांडी वर केली व्हती का?"

"कंची दांडी?" सावळाराम म्हणाला.

तय्यबनं कपाळाला हात लावला. "मावशी घरात असताना तुमी हँडलला हात लावलाच कसा?"

संध्याकाळी कुंडलिक भावाच्या ओसरीवर आला. "आये, तू आजपास्नं माझ्याकडं."

"पंचांनी पैलं मला दिलंय," सावळाराम बांधलेला हात नाचवत म्हणाला. "आये, तू बारा म्हैने माझ्याकडं ऱ्हा."

एकानं रोज शेरभर दूध कबूल केलं, तर दुसऱ्यानं नवं लुगडं आणि पलंग. साळुबाईनं दोघांना पोटभर बोलू दिलं. ऐकायला बरं वाटत होतं.

"म्या कुणाकडंच ऱ्हात न्हाई," शेवटी ती म्हणाली. "कोपऱ्याची खोली माझी, चूल माझी. गाडी काढायची आसंल त्यानं सकाळी येऊन सांगायचं. म्या आत बसल्याबिगर हँडलला हात लावायचा न्हाई. आन् आदी मला मंचरच्या बाजाराला न्यायचं, मग तुमचं काय त्ये."

तसंच झालं. दोघं आळीपाळीनं तिच्या दाराशी टोपी सावरत उभे राहू लागले. तय्यबकडून शिकायचं तर कमीपणा, आणि आईला विचारायचं कुणाला सुचलं नाही.

पाच-सहा वर्षांनी एकदा मंचरहून परतताना थोरली सून इंद्रायणी सासूच्या कानाशी लागून म्हणाली, "आत्याबाई, त्या दांडीचं ह्यांना एकदा दावून का देत न्हाई? लई अवघड हाय का?"

"छे गं, पाच मिंटांचं काम," साळुबाई म्हणाली आणि तिनं मांडीवरची भाजीची पिशवी सारखी केली. "पर मग मला बाजाराला कोण नेईल?"