तिसऱ्या दिवसानंतर

बाळांनो, एक शिंपला डोळ्यांसमोर आणा. तलावातला, बोटभर लांब, आतून पांढरा, घासून घासून कडा गुळगुळीत झालेला. आता असं समजा, तुम्ही आडवे पडला आहात, मान उचलायचंही बळ नाही, आणि तांदळाच्या पेजेनं भरलेला तो शिंपला कोणीतरी तुमच्या ओठांशी धरलाय... शामकलेच्या हातात आज तो रिकामाच होता, तरी ओठांवर पेजेची ऊब होती, मिठाची चव होती.

सालेकशाच्या जंगलाला लागून तिचं गाव. त्या वर्षी ऐन मोहफुलांच्या दिवसांत पटकी आली. ओकाऱ्या नि ढाळांनी माणूस दोन दिवसांत वाळून जायचं. नऊ वर्षांच्या शामकलेला लागण झाली तेव्हा मायनं तिला गावाबाहेरच्या झोपडीत नेऊन ठेवलं. मायच्या कडेवर तान्हा भाऊ होता, तो वाचायला हवा होता... हे शामकलेला कळत होतं. कळत होतं म्हणून काय झालं? माय दाराशीच थांबली. आत आली ती देवकाबाई – मिशनच्या दवाखान्यात काम करणारी विधवा, गावातली एकमेव ख्रिस्ती बाई. सहा दिवस ती तिथंच बसून राहिली, शिंपला-शिंपला पेज पाजत, मळलेली लुगडी धूत, आणि मधूनमधून येशूची गोष्ट सांगत. त्यानं दुसऱ्यांसाठी जीव दिला वं, पोरी, आणि तिसऱ्या दिवशी उठला.

शामकला उठून बसली त्या दिवशी देवकाबाई आडवी झाली. मंगळवारी गेली. तिला हात लावायला कोणी पुढे येईना. शेवटी गावातल्याच मंगरूनं एकट्यानं खड्डा खणला, पाठीवर घालून तिला नेलं. गावानं त्याला पंधरा दिवस बंदी केली – विहिरीवर यायचं नाही, मोहाच्या झाडाखाली यायचं नाही.

आणि शामकलेनं बोटांवर मोजलं. मंगळ, बुध, गुरू. गुरुवारी ती पहाटेपासून त्या मातीच्या ढिगाशी बसली होती. उन्हं चढली, मुंग्या मातीवरून गेल्या, ढेकूळ एक आपोआप घरंगळलं तेव्हा छाती केवढी धडधडली तिची... मग काहीच झालं नाही. संध्याकाळी ती घरी आली. मायनं जेवण दुरून सरकवलं. कुठं गेली होतीस, हेही विचारलं नाही.

आज रविवार. पहाटे मिशनचे म्हातारे प्रचारक शालीकराम ढिगाशी उभे होते. दर ईस्टरला, येशू उठला त्या रविवारी, ते गोंदियाहून गाडीनं येत आणि देवकाबाईबरोबर प्रार्थना करत. या खेपेला एकटेच पुटपुटत होते. शामकला मोहफुलांची पाटी घेऊन त्यांच्या मागं येऊन थांबली.

"आजच उठला होता ना तो?"

"हो, पोरी. आजच."

"मंग देवकाकाकी काऊन नाही उठली?"

"उठन."

"कधी?"

म्हातारा कसनुसा हसला. "देवाची वेळ देवाले ठाऊक. मले तर माझ्या गाडीचीही वेळ ठाऊक नाही."

शामकला हसली नाही. "मी जगली म्हणून ती मेली का?"

ते खाली बसले, तिच्याएवढे झाले. "आत येताना तिले ठाऊक होतं, काय होईन ते. तू तिचं काही चोरलं नाही, पोरी. तिनं आपल्या हातानं दिलं. येशूनं दिलं तसं."

"मंग मी काय करू?"

"ते मी कसं सांगू?" त्यांनी डोळे पुसले आणि ठेसनाची वाट धरली.

ती मोहाखाली आली. रात्रभर टपटपलेली फुलं जाळून साफ केलेल्या काळ्या जमिनीवर पसरली होती, पिवळसर, ओली, गोड वासाची. उन्हं तापायच्या आत वेचायची, नाहीतर गुरं खातात. जो तो आपापल्या झाडाखाली वाकला होता. फक्त मंगरूच्या झाडाखाली कोणी नव्हतं. एक गाय तिकडं वळली होती. दूर आपल्या झोपडीशी उकिडवा बसून मंगरू नुसता पाहत होता. त्याचं वर्षाचं खाणं ते... कोणी मला जवळ येऊ देत नाही तसं त्यालाही येऊ देत नाही... आपल्या हातानं दिलं, म्हणाले ते. म्हणजे हातांनी. हात तर मला आहेत.

तिनं गाय हाकलली आणि पाटी मंगरूच्या झाडाखाली टेकवली.

"अवं, काय करून राहिली?" माय ओरडली. "मंगरूचं झाड आहे ते! चोट्टी म्हणतीन तुले!"

"राहू दे, पोरी," मंगरूनंही लांबून हात हलवला. "तुलेही वाळीत टाकतीन."

आधीच टाकलंय की, तिला वाटलं, आणि आश्चर्य म्हणजे त्या वाटण्यात राग नव्हता. भीती होती. बायका वेचायचं थांबून बघत होत्या, मायचा आवाज रडवेला झाला होता. शामकला वेचत राहिली. पाटी भरली तशी तिनं ती लटपटत डोक्यावर घेतली, एकदा मायकडं पाहिलं, आणि मंगरूच्या झोपडीच्या वाटेला लागली.