उकळलेला स्पंज

सिस्टर नोकरीतून निवृत्त झाल्या, पण त्यांच्या अंगातलं ऑपरेशन थिएटर काही निवृत्त झालं नव्हतं. उभा जन्म जंतू मारण्यात गेलेला. घरात कुणी बाहेरून आलं, की 'आलात का' विचारायच्या आधी 'हात धुतलेत का' विचारायच्या. निवृत्तीनंतर त्या मुलाच्या फ्लॅटवर राहायला आल्या, पण मुलगा कामासाठी परदेशी, त्यामुळे घरात सासू-सून दोघीच. भांडण म्हणाल तर मुळीच नाही. भांडायला लागते तेवढीसुद्धा ओळख अजून झाली नव्हती.

अशात सुनेला ऑफिसच्या कामानं आठवडाभर बाहेरगावी जावं लागलं. जाताना तिनं बैठकीतल्या माशांच्या टाकीकडे बोट दाखवलं. दोन वेळा चिमूटभर खाणं घाला, बाकी कशाला हात लावू नका, एवढंच बोलली. टाकी तिच्या वडिलांच्या घरून आलेली. वडील गेल्यावर तिनं तेवढीच मागून घेतली होती. संध्याकाळी ती टाकीसमोर गप्प बसायची आणि सिस्टर स्वयंपाकघरातून बघायच्या. आज पहिल्यांदा तिनं आपल्या भरवशावर काही सोडलं, याचा त्यांना मनातून आनंद झाला. आणि आनंद झाला की बाईंना साफसफाई सुचायची.

त्यांनी फिल्टरचा स्पंज बाहेर काढला मात्र, अंगावर काटा आला. तपकिरी, बुळबुळीत, हात लावला तर शेंबडासारखा! अगं बाई, यात बिचारे मासे राहतात? त्यांनी स्पंज खळखळ उकळला. खडी उकळली. काचा घासल्या, वनस्पतींची पानं पुसली, सगळं पाणी बदललं. टाकी साफ झाली. किती साफ झाली, ते तिसऱ्या दिवशी कळलं. छोटे मासे पोट वर करून तरंगत होते आणि जाड्या नावाचा मोठा मासा पृष्ठभागाशी तोंड लावून धापा टाकत होता.

धाप म्हणजे काय, हे सिस्टरना कुणी सांगायला नको होतं. तसेच मासे दुकानातून आणून सोडले तर सुनेला पत्ताही लागणार नाही, हा विचार आला. नाही कशाला म्हणा. पण थिएटरमध्ये चूक झाकणाऱ्या नर्सला त्यांनी कधी दारात उभं केलं नव्हतं. त्यांनी फोन लावला आणि एका दमात सगळं सांगून टाकलं.

सुनेनं सांगितलं, की मासे पाण्यातच घाण करतात आणि ती घाण त्यांनाच विष असते. स्पंजावरचे, खडीवरचे जंतू ते विष खातात आणि त्याचं खत करून सोडतात, ते खत वनस्पती खातात. जंतूच गेले, तर मासे आपल्याच विषात पोहत राहतात. खाणं बंद करा, रोज थोडं पाणी बदला, वगैरे वगैरे. आवाज थंडगार होता. शेवटी मात्र तो फुटला.

"मासे काय, मरतात, नवे आणते मी. जाड्यासुद्धा गेल्याच वर्षीचा. स्पंजावरचा तो गाळ बाबांच्या वेळचा होता, आई. त्यांच्या हातचं जिवंत तेवढंच उरलं होतं."

सिस्टरनी हळूच विचारलं, की तो गाळ कुणाला दिला होतास का कधी. खालच्या डेंटिस्टला, त्याची टाकी नवी होती तेव्हा स्पंजाचा एक तुकडा दिला होता, सून म्हणाली. पण त्याला खूप वर्षं झाली.

सिस्टर पायातल्या सपातांनिशी खाली गेल्या. डेंटिस्टच्या वेटिंग रूममधली टाकी आरशासारखी चकचकीत. रिसेप्शनवरची मुलगी कौतुकानं सांगायला लागली, की तो जुना स्पंज केव्हाच फेकला, आता दर महिन्याला कोरा घालतो. दुसरं कुणी असतं तर तिथूनच मागं फिरलं असतं. पण त्या स्पंजातले जंतू एव्हाना खडीतही उतरले असणार; आणि सफाईवाले कुठे हात घालत नाहीत, हे तपासण्यात बाईंची हयात गेली होती. डेंटिस्टची परवानगी घेतली, बाही खांद्यापर्यंत सारली आणि हात थेट तळाशी, मागच्या मोठ्या दगडाखाली घातला. गाल सुजलेले पेशंट दातदुखी विसरून बघत राहिले. मूठ वर आली ती काळ्या, बुळबुळीत खडीनं भरलेली. सिस्टरनी ती नाकाशी नेली, वास घेतला आणि त्यांचे डोळे भरून आले.

"हीच," त्या म्हणाल्या. "यातलं थोडं पाणीपण द्या, वाळायला नको."

सून परत आली तेव्हा टाकी गढूळ होती आणि खडीवर तपकिरी थर धरायला लागला होता. जाड्या तळाशी खडी चिवडत होता. ती सामान दारातच टाकून टाकीसमोर बसली. सिस्टर शेजारी येऊन बसल्या, जरा अंतर ठेवून.

"बाबा असते ना," सून म्हणाली, "तर तुमच्याशी कडाकडा भांडले असते."

"मग?"

"मग तुम्हालाही एक तुकडा दिला असता."