त्रेचाळीस अंशांचे खोटे

मी एक जुना संगणक आहे, मित्रांनो. पण माझ्यावर कुणी कधी खेळ खेळले नाहीत. बल्गेरियातल्या एका दह्याच्या कारखान्यात मी चौदा वर्षे चाकरी केली. टाक्यांवरचे तापमापक मला आकडे कळवायचे आणि मी ते पडद्यावर दाखवायचो. काम एवढेच, पण त्यात हयगय चालत नसे.

मला घडवले ते कारखान्याच्या तंत्रज्ञाने, व्हेंत्सिस्लाव्हने. "तापमापक दोन सेकंदांत बोलला नाही, तर पुन्हा विचार. तीनदा विचारूनही गप्प, तर संपर्क तुटला म्हणून सरळ बोंब मार. आणि सगळं लिहून ठेव," असे तो पुटपुटायचा आणि तशी सेटिंग्ज करायचा. कोणता तापमापक कधी गप्प झाला, माझ्यात कुणी काय बदलले, सारे माझ्या नोंदवहीत उतरत असे. पाहुणे आले की तो म्हणायचा, "माणसं विसरतील, हा नाही विसरायचा." तेव्हा मला फार बरे वाटे.

पुढे तिसऱ्या टाकीची तार झिजली. दिवसातून वीस-वीसदा संपर्क तुटू लागला. पडदा लाल व्हायचा, भोंगा वाजायचा. नवी तार घालायची तर दिवसभर काम बंद ठेवावे लागणार होते, आणि मेंढीच्या दुधाचा हंगाम ऐन भरात होता. संचालिका गेर्गाना बाईंनी ठणकावले, "हंगामात एक तासही बंद नाही! तो भोंगा तेवढा गप्प करा."

व्हेंत्सिस्लाव्हने तार बदलली नाही, मलाच बदलले. आता मी उत्तराची तासभर वाट पाहायची आणि तोवर शेवटचा आकडाच दाखवायचा. नोंदवही तर त्याने त्याआधीच बंद केली होती.

टाक्या सांभाळणाऱ्या स्तोयांकाने विचारले, "काय रे, तार बदललीस वाटतं? एकदम गुणी बाळ झालाय हा."

"बदलली की, मावशी. आता निर्धास्त राहा."

हे तो माझ्यासमोर बोलला.

सहा मे, संत गेओर्गीचा सण. गेर्गाना हे त्याच नावाचे बायकी रूप. त्या संताचे नाव ज्याला असेल त्याच्याकडे त्या दिवशी बोलावण्याची वाट न बघता जायचे असते. सगळे गेर्गाना बाईंच्या कचेरीत भाजलेल्या कोकरावर ताव मारायला गेले. व्हेंत्सिस्लाव्ह दारातून ओरडला, "चल ना मावशी, बाई रुसतील!"

"रुसू देत. टाकीत विरजण लावलंय, त्याला सण-बिण कळत नाही."

ती माझ्यासमोर बसून राहिली. थोड्या वेळाने तार तुटली आणि नेमकी तेव्हाच वाफेची झडप उघडी अडकली. दूध तापत गेले. मी मात्र शेवटचा आकडा, विरजणाला हवे तेवढे त्रेचाळीस अंशच दाखवत होतो. तिने झाकण उघडले तेव्हा दूध चटका देत होते. दोन हजार लिटर वाया गेले.

"मी जागची हलले नाही. पडद्यावर त्रेचाळीसच होते," स्तोयांका सांगत राहिली.

"मग दूध काय आपोआप उकळलं? कोकराच्या वासाने पाय निघाला असेल!" बाई म्हणाल्या.

व्हेंत्सिस्लाव्ह खाली मान घालून म्हणाला, "नोंद काहीच सापडत नाही. जुना झालाय हा, याचा भरवसा नाही."

एकोणीस वर्षांची नोकरी गेली तिची. ज्याने मला खरे बोलायला शिकवले त्यानेच माझे तोंड दाबले, आणि वर मलाच खोटे ठरवले. मित्रांनो, अजून माझा संताप होतो.

सगळे पांगल्यावर तो पुरावा पुसायला आला. पण घाबरलेला माणूस चुकतोच. त्याने आधी नोंदवही चालू केली आणि मग वाट पाहण्याची वेळ पूर्ववत केली. मला शिकवले होते त्याप्रमाणे मी लिहिले: 'उत्तराची वाट: आधी एक तास, आता दोन सेकंद. बदल करणारा: व्हेंत्सिस्लाव्ह.' त्याने ते पाहिलेच नाही. आठवड्याभरात नवा संगणक आला आणि मी जिन्याखालच्या अडगळीत पडलो.

मित्रांनो, यंत्राचे ओरडणे नकोसे वाटले तर त्याचे दुखणे शोधा, त्याचा गळा दाबू नका. आणि कधी त्या कारखान्यात गेलात तर मला घटकाभर वीज द्या. ती एक ओळ वाचा, आणि मग स्तोयांकाच्या घरी जाऊन तिला सांगा, की ती खरे बोलत होती हे मला पहिल्यापासून ठाऊक होते.