पांढऱ्या खेकड्याचा रंग

आमच्या संग्रहालयात मी मेलेल्या खेकड्यांचे रंग जिवंत करते. हसू नका. स्पिरिटच्या बरणीत घातलं की खेकडा काय, कोळंबी काय, शेवंड काय, सगळे पांढरेफटक पडतात. म्हणून दालनात मी रंगवलेले प्लॅस्टरचे नमुने ठेवतात. आणि यांची भावकी केवढी! ताटाएवढे समुद्रातले खेकडे, नारळाच्या झाडावर चढणारा जमिनीवरचा धिप्पाड खेकडा, बोटीच्या बुडाला चिकटून जन्म काढणारे ते टणक पांढरे ठिपके, आणि कुंडीखालचा, हात लावला की गोळी होणारा राखाडी किडासुद्धा. तोही यांच्यातलाच. लोकांना पटत नाही, आणि रोज तेच सांगून मला वैताग येतो.

परवा साहेबांनी एका पांढऱ्या पडलेल्या खेकड्याची बरणी टेबलावर आणून ठेवली. "सोमवारी दालन उघडतंय. पुस्तकात बघा आणि निळा मारा."

हा खेकडा माझ्या धाकट्या भावाने पाठवलेला. तो मासेमारीच्या बोटीवर असतो. जाळ्यात काही वेगळं आलं की बंदरातून फोन करून एकेका पायाचा रंग सांगायचा, मी वहीत लिहायची. हा आला त्याच आठवड्यात आई गेली. वहीतलं पान कोरं राहिलं. भाऊ तेव्हा समुद्रात होता; घरी पोचला तोवर तीन आठवडे उलटले होते. मी दारातच म्हणाले, "तू तुझे खेकडे सांभाळ. आई मी सांभाळली." खांद्यावरची पिशवीही न उतरवता तो परत गेला.

सहा वर्षं झाली. त्याची आठवण रोज येते, पण फोन कोण करणार? सुंभ जळला तरी पीळ जात नाही, हे आम्हा दोघांना बघूनच कुणीतरी म्हटलं असणार.

मी निळा कालवलासुद्धा. मग वाटलं, हा मारला तर त्याला फोन करायला कारणच उरणार नाही. नंबर लावला.

"मी बोलतेय. आई गेली तेव्हाचा तो खेकडा... रंग कोणता होता रे त्याचा?"

पलीकडे बोटीचं इंजिन धडधडत होतं. आता ठेवतोय मेला, असं वाटलं.

"पाठ मातकट," तो म्हणाला. "पुस्तकात निळी दाखवतात, ते खोटं. नांग्या टोकाला जांभळ्या, आतून पिवळट. आणि डोळ्यांचे देठ लाल, ताई. लालभडक."

ताई म्हणाला! मी लिहीत होते आणि अक्षरं ओली होत होती.

"मागचे पाय?" त्याने सांगितले. "पोट?" तेही सांगितलं. "पायांवरची लव?"

"लवेचा रंग कुणी विचारतं का गं?" तो हसला. मीही हसले. पण खेकड्याला पाय दहाच, विचारून विचारून किती विचारणार?

"आता मी एक विचारू?" तो म्हणाला.

"विचार ना."

"आई शेवटी कशी दिसत होती?"

त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. मीच नव्हतं सांगितलं.

"केस मी विंचरले होते," मी म्हणाले. "चेहरा शांत होता. पण मान दाराकडे. किती वेळा सरळ केली, पुन्हा तिकडेच वळवायची. मला म्हणाली, तो आला की काही बोलू नकोस, आधी जेवायला वाढ. आणि मी तुला दारातूनच उपाशी परत पाठवलं रे."