तापल्यावर बसणारा रंग

मी एका मोटारसायकलचा सायलेन्सर बोलतोय. इंजिनाचा आवाज गिळायचा आणि धूर मागच्या मागे सोडून द्यायचा, हे माझं काम. लोक टाकीचं कौतुक करतात, सीटवरून हात फिरवतात. माझी आठवण होते ती पोटरीला चटका बसला तरच.

माझी मालकीण जनावरांची डॉक्टर. कुठे गाय अडली, कुठे घोडा लंगडला, की बॅग पाठीला लावून ती निघालीच. वाटेत ओढा लागला तरी थांबायचं नाही. तापलेल्या अंगावर गार पाणी आणि चिखल झेलून मला गंज चढला.

तिच्या थोरल्या भावाचं गॅरेज. इंजिनाच्या कामात त्याचा हात धरणारा कोणी नाही, पण रंगकामाचा त्याला भारी कंटाळा. हाताशी होता तो साधा काळा रंग त्याने मला फासला. पहिल्याच फेरीत तो करपला आणि त्याचे पापुद्रे निघाले. मालकीण नाक दाबूनच परतली.

"दादा, हे काम समोरच द्यायला हवं," ती म्हणाली. थोरल्याने पाना घेतला आणि मला गाडीपासून सोडवलं.

समोर, रस्त्यापलीकडे, धाकट्या भावाचं रंगाचं दुकान होतं. पूर्वी दोघे एकाच गॅरेजात काम करायचे. एकदा धाकट्याने रंगवलेली टाकी गिऱ्हाइकाला देताना ओरखडलेली निघाली. "याचा रंगच कच्चा," थोरला चारचौघांत बोलून गेला. धाकट्याने आपलं सामान उचललं आणि समोर दुकान थाटलं. तेव्हापासून दोघांत अबोला. रस्ता एवढासा, पण ओलांडायचा कोणी?

मालकिणीने मला काखोटीला मारलं आणि ती रस्ता ओलांडून गेली.

"ताई, हे कोणी फासलंय?"

"तुला ठाऊक आहे."

तो गालातल्या गालात हसला आणि कामाला लागला. काय हात होता त्याचा! तारेच्या ब्रशने त्याने माझा गंज काढला, वाकणातल्या खाचासुद्धा सोडल्या नाहीत. पॉलिश पेपरने मला घासलं, थिनरच्या फडक्याने पुसलं. बोटांचं तेल लागू नये म्हणून हातमोजे घातले. दोन्ही तोंडांत बोळे कोंबून मला तारेला टांगलं आणि उष्णता सोसणारा रंग मारला. एक हात इतका पातळ, की मला वाटलं कंजूषपणा करतोय. मग तो वाळायची वाट, मग पुढचा हात. आयुष्यात एवढ्या मायेने मला कोणी हाताळलं नव्हतं.

"झालं?" मालकिणीने विचारलं.

"अर्धंच. हा रंग तापल्याशिवाय पक्का होत नाही. इंजिनाला जोडून तापवावा लागेल. तोवर नखानेसुद्धा निघेल." जरा थांबून तो म्हणाला, "जोडायला दादाच हवा. फक्त टोकांना धर म्हणावं."

कच्चा रंग, आणि तो थोरल्याच्या हातात. धाकटा दुकानाच्या दारात येऊन उभा राहिला.

थोरल्याने साबणाने हात धुतले. पान्याला फडकं गुंडाळलं. नट आवळताना तो श्वास रोखून होता, हे मला जाणवत होतं. मला साधा ओरखडाही उठला नाही. मग त्याने इंजिन सुरू केलं. मी तापू लागलो आणि माझ्या अंगातून धूर निघाला. थोरला घाबरला.

"धूर येतोय रे," त्याने रस्त्यापलीकडे हाक मारली. "बंद करू?"

धाकटा रस्ता ओलांडून आला. "पहिल्यांदा येतोच. थोडा वेळ चालू दे." मग म्हणाला, "आता बंद कर. पूर्ण निवू दे, मग पुन्हा तापवू."

मी निवेपर्यंत दोघे पायरीवर बसून राहिले.

"ती टाकी ठेवताना माझ्याच पान्याला घासली होती," थोरला खाली बघत म्हणाला. "तुझा रंग कच्चा नव्हता."

"मला माहीत होतं. गिऱ्हाइकासमोर सांगायचं होतंस."

"हो. चुकलंच माझं."

धाकट्याने उलट्या हाताने माझी ऊब पाहिली. "चल, सुरू कर. या वेळी जरा जास्त वेळ."

आज दुकानं दोनच आहेत, पण गॅरेजातला प्रत्येक गंजका सायलेन्सर समोर जातो आणि रंगून परत येतो. मी अजून ओढ्यातून जातो. पाणी उडालं की चर्र होतं, रंग मात्र हलत नाही. इंजिनाजवळच्या वाकणावर जरा फिका पडलोय, तेवढंच.

तुम्हाला एकच विनवणी आहे. गाडी थांबली की लगेच मला हात लावू नका. तापलेल्याला निवायला थोडा वेळ लागतो, तेवढा द्या.