दोघींचा निकाल

विद्यापीठाच्या कॅन्टीनमध्ये लोरीनं फोन टेबलावर पालथा ठेवला आणि चहात साखर घालून ती ढवळत राहिली. एरवी ती चहात साखर घेत नसे.

समोर बसलेल्या मेरेरिडनं, तिच्या आईनं, स्वतःचा निकाल नुकताच उघडला होता. गणितात एक्क्याऐंशी, भौतिकशास्त्रात अठ्ठ्याऐंशी. पुढच्या वर्षी भौतिकशास्त्र आणि खगोलशास्त्राच्या पदवीला जागा पक्की.

खरं तर हा सगळा हट्ट लोरीचा. सातव्या वर्षापासून तिला आकाशाचं वेड. शाळेत गुण कमी पडले, म्हणून विद्यापीठात आधी पायाभूत वर्ष करणं भाग होतं, आणि अनोळखी वर्गात एकटीनं जायला ती तयार नव्हती. म्हणून शाळेच्या स्वयंपाकघरात एकोणीस वर्षं मुलांना वाढणाऱ्या मेरेरिडनं सोबतीला स्वतःचंही नाव घातलं. डोंगरातल्या गावातून कार्डिफच्या विद्यापीठाकडे उतरणाऱ्या बसमध्ये दोघी शेजारी बसून गणितं सोडवत. नाताळापर्यंत लोरी आईला समजावून सांगे. नाताळानंतर आई लोरीला सांगू लागली, आणि लोरी मागच्या सीटवर बसू लागली.

"गणित गेलं," लोरी म्हणाली. "परत. तुझं?"

मेरेरिडनं फोन पर्समध्ये टाकला.

"माझंही गेलं गं."

लोरी क्षणभर तिच्याकडे बघत राहिली. मग तिनं टेबलावरून हात पुढे करून आईचा हात धरला. परतीच्या बसमध्ये ती शेजारी बसली आणि सबंध वाटभर आईच्या खांद्यावर डोकं टेकून होती. मेरेरिड अजिबात हलली नाही. त्याच आठवड्यात तिनं विद्यापीठाला जागा नको असल्याचं कळवून टाकलं.

सप्टेंबरात ती पुन्हा शाळेच्या स्वयंपाकघरात रुजू झाली. लोरीला गावातल्या चष्म्याच्या दुकानात काम मिळालं. एका संध्याकाळी लोरी घरी आली ती कोट न काढताच दारात उभी राहिली. मेरेरिड बटाटे सोलत होती. गणित शिकवणारे प्रॉसर सर आज चष्मा करायला आले होते, लोरीनं सांगितलं. वर्गात पहिली आलेली बाई पुढे का आली नाही, असं विचारत होते.

मेरेरिडचा हात थांबला.

"लोरी, ऐक जरा..."

"नको. मला त्याच दिवशी कळलं होतं. खोटं बोलताना तुझी मान लाल होते, आई."

"मग तेव्हाच बोलली का नाहीस?"

लोरीनं कोटाचं एक बटण काढलं, परत लावलं.

"बरं वाटलं होतं मला."

मेरेरिडनं हातातला बटाटा पाण्यात सोडला आणि दुसरा घेतला. तो सोलून झाला तरी लोरी दारातच होती. तेव्हा मेरेरिडनं खण उघडून दुसरी सुरी काढली आणि टेबलाच्या पलीकडच्या बाजूला ठेवली.

ती उचलायला लोरीला बराच वेळ लागला.